कॉलेजातली ‘ती’ आणि पुण्याचे चार शूरवीर

गंगावेशचा_गवळी

काल रात्री गंगावेशला दूध प्यायला थांबलो होतो. शेजारी चार पोरं एकाच मोबाईलवर डोकी घालून उभी, ग्लासातलं दूध गार झालेलं. वाकून बघतो तर स्क्रीनवर आपलंच कॉलेज. दगडी जिना, तिसऱ्या पायरीचा उडालेला टवका, सगळं ओळखीचं. वर लाल अक्षरांत ‘कोल्हापूरची सगळ्यात झपाटलेली इमारत’.

घरी येऊन पूर्ण 41 मिनिटं बघितलं. तुमचा वेळ वाचवतो. पुण्याहून चार जण येतात, दोन वर्षं कुलूप असलेल्या जुन्या इमारतीत रात्र काढतात. केटू मीटरचे, म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या यंत्राचे, दिवे लाल होतात. स्पिरिट बॉक्समधून बाईचा आवाज ‘आई’ म्हणतो. झूऑलॉजी लॅबमध्ये थर्मामीटरची बंदूक ‘कोल्ड स्पॉट’ दाखवते. दोन वाजता माळ्यावर पावलं वाजतात. मध्येच वॉचमनमामा, तोंड धूसर केलेलं, ‘रात्री वर कोणतरी चालतंय’ एवढंच बोलतात. निष्कर्ष काय, तर एक विद्यार्थिनी अजून आपला वर्ग शोधतेय.

अरे बाबांनो, ती बंदूक हवेचं तापमान मोजतच नाही. ती समोरच्या पृष्ठभागाचं मोजते. समोर कडाप्प्याचा ओटा आहे, ज्यावर आम्ही झुरळं फाडली. तो मे महिन्यातही गार असतो. स्पिरिट बॉक्स म्हणजे एफएमची स्टेशनं न थांबता पालथी घालणारा रेडिओ, त्यात ‘आई’ नाही ऐकू येणार तर काय? आईच्या हातची चव म्हणून मसाल्याची जाहिरात दिवसातून किती वेळा लागते बघा. आणि कपाटातला तो सांगाडा दाखवून ‘हा नेमका कुणाचा?’ म्हणून पाच सेकंद ढोल वाजवलाय. आमच्या बॅचनं त्याचं नाव ‘प्राचार्य’ ठेवलं होतं. 1985 मध्ये मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी येईपर्यंत हा देश जगभरच्या लॅबना सांगाडे पुरवत होता. त्यातलाच हा एक, इथंच राहिलेला.

चीड याची की बहिणीच्या मुलीनं काल विचारलं, ‘मामा, नवीन इमारतीतल्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसायचं का नको?’

नाद_खुळा_०९

भावा तुला जळतंय. त्या पोरांचे दोन दिवसांत लाखावर व्ह्यू. तू पाच वर्षं तिथं बसून काय केलास, झुरळं फाडलास.

कोव्हेंट्री_रिटर्न

मूळ मुद्द्यात भर घालतो. 1998 मध्ये विक टँडी नावाच्या इंजिनीअरचा एक शोधनिबंध आला. कोव्हेंट्रीच्या एका लॅबमध्ये लोकांना अस्वस्थ वाटायचं, त्याला स्वतःला डोळ्याच्या कडेला करडी आकृती दिसली. दुसऱ्या दिवशी तो तलवारबाजीच्या स्पर्धेसाठी आपलं पातं व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरून बसला, तर पातं आपोआप थरथरायला लागलं. शोधल्यावर निघाला नवा बसवलेला एक्झॉस्ट फॅन. जवळपास 19 हर्ट्झचा आवाज, कानाला ऐकू न येणारा. फॅन बंद केला, भूत गेलं. आपल्या कॉलेजातही असंच काही असणार.

नाद_खुळा_०९

इमारतीची लाईट दोन वर्षं तोडलीय. फॅन काय प्राचार्य फिरवतोय का?

कोव्हेंट्री_रिटर्न

बरोबर. हे लक्षात नव्हतं. मग केटू मीटर कशानं पेटला हेही सांगा.

गंगावेशचा_गवळी

चौघांच्या खिशात चार मोबाईल, कॉलरला वायरलेस माईक. भूत हवंय कशाला?

संध्यामठ

इतका वेळ गप्प होतो. 1987 ला मी त्या कॉलेजच्या हॉस्टेलवर होतो. तुम्ही सगळे मीटर-फीटर बोलताय म्हणून लिहितो. माझा रूममेट श्रावणात पंचगंगेत बुडाला. पोहणारा होता, शिरोळकडचा. तो रोज रात्री वाचून आला की जिन्यात शीळ घालायचा, मी दार उघडावं म्हणून. तो गेल्यावर चौथ्या रात्री जिन्यात शीळ वाजली. मी उठून कडी काढली. कुणी नव्हतं.

भूत होतं असं मी म्हणत नाही. पण ‘कडाप्पा गार असतो’ म्हणून मला उडवू नका.

कोव्हेंट्री_रिटर्न

काका, मेंदू सवयीचा आवाज स्वतःच तयार करतो, विशेषतः झोपेच्या काठावर. हे अगदी नेहमीचं…

संध्यामठ

तुम्ही शिकवा मला. 39 वर्षं वाट बघत होतो कुणी इंग्लंड रिटर्न येऊन सांगेल म्हणून.

कोव्हेंट्री_रिटर्न

माफ करा. तसं नव्हतं म्हणायचं.

वकील_नाही_पण

2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे की नाही राज्यात? भुतांना आवाहन करून लोकांत घबराट पसरवणं त्याच्या अनुसूचीत आहे. दाभोलकरांचा त्याच वर्षी खून झाला. आपल्या शहरात 16 फेब्रुवारी 2015 ला पानसरेंवर गोळ्या झाडल्या. आणि इथं लोक हौसेनं भुतं शोधायला येतात आणि आपण व्ह्यू मोजतोय.

नाद_खुळा_०९

मंत्र कुठं म्हटले त्यांनी? ‘कोणी असाल तर खूण करा’ म्हणाले. असं तर मी रोज बंद पडलेल्या लिफ्टसमोर म्हणतो. करा अटक.

निवृत्त_तुळई

मूळ प्रश्न कुणाच्याच लक्षात आलेला नाही. पावलांचा आवाज माळ्यावर येतो, कारण तिथली कौलं काढून पत्रा टाकला. मी बांधकाम खात्यात 34 वर्षं काढली. त्या छताचे सागवानी वासे, त्यावर रिपा, त्यावर मंगळुरी कौलं. ज्यांच्या पाठीवर शिक्का असायचा ती. बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढला, तेव्हापासूनची परंपरा. एक कौल फुटलं तर एक बदला, पाच मिनिटांचं काम. पण नाही! गळतं म्हणून अख्खं उतरवलं आणि पत्रा ठोकला. कौलं कुठं गेली? कुणाच्या तरी फार्महाउसवर असतील. सहा मीटरचा पत्रा 30 अंशांनी गार झाला की दोन मिलिमीटरच्या वर आकसतो. हुक बोल्टला अडकतो, सुटतो, अडकतो, सुटतो. टक. टक. टक. तीच तुमची विद्यार्थिनी.

बिंदू_चौक_बोलतोय

साहेब, कौलं गळत होतीच की. आम्ही बीए तृतीयला बादली मध्ये ठेवून कविता शिकलोय.

निवृत्त_तुळई

कौलं गळत नाहीत, माणसं गळतात. दरवर्षी मेच्या शेवटी माळ्यावर चढून कौलं चाळायची असतात. चाळणारा गडी ठेवला नाही, मग कौलांना दोष.

बिंदू_चौक_बोलतोय

पत्र्याखाली पोरं उन्हाळ्यात शिजतात हे मान्य. पण वानरं कौलांवर नाचायची, त्याचं काय? दर महिन्याला पन्नास कौलं फुटायची. गडी काय वानरांना हाकलत बसणार?

निवृत्त_तुळई

वानरं त्या भागात 2000 नंतर आली. आधी झाडं तोडली, मग वानरं छतावर. पुन्हा चूक कुणाची?

वकील_नाही_पण

कायद्याचं विचारलं होतं मी. वानरांवर आलो आपण.

माळावरची

पत्र्याचं एक सांगा. पत्रा गार होतो दिवस मावळल्यावर. सात-आठला टकटक व्हायला पाहिजे. व्हिडिओत दोन वाजलेत. मी स्वतः त्या आवारात वाढलो, आठला पत्रा वाजतो ते वेगळं आणि दोनचं वेगळं. दोनचं मऊ असतं, धपधप. मध्ये थांबतं.

नाद_खुळा_०९

वा भावा! शेवटी एक जण तरी खरं बोलला. आहेच काहीतरी.

माळावरची

भाऊ नव्हे, बहीण. कोल्हापुरात मुली ‘आलो, गेलो’ म्हणतात हे कोल्हापूरकराला सांगावं लागतंय.

आणि तो वॉचमन माझा बाप आहे.

ती मंडळी आली तेव्हा बाबांनी त्यांना चहा दिला, पाऊण तास बोलले. व्हिडिओत आलं एक वाक्य. त्याच्या पुढचं वाक्य होतं, ‘उदमांजर हाय ते, जोडी हाय.’ ते कापलं. बाबांनी त्यांना माळ्याखालची लेंडकीसुद्धा दाखवली. जांभळाच्या बिया जशाच्या तशा, धुऊन ठेवल्यासारख्या. पावसाळ्याच्या तोंडाला मागचं जांभूळ पिकलं की वर नुसता धिंगाणा असतो. कॅमेरावाल्यानं त्याचा फोटो पण काढला. म्हणाला, ‘क्यूट.’

आता ‘परवानगीशिवाय बाहेरच्यांना आत घेतलं’ म्हणून बाबांना मेमो आलाय. गेटची किल्ली कुणी द्यायला सांगितली होती ते सगळ्यांना माहीत आहे, पण कागदावर सही बाबांची. ठेकेदाराकडं आहेत ते. पगार तीन महिन्यांनी एकदा. मेमो मात्र वेळेवर.

गंगावेशचा_गवळी

ताई, मी पण ‘वॉचमनमामा एवढंच बोलतात’ असं लिहिलं. त्यांनी घाबरवायला मदत केली असंच मनात होतं माझ्या. चुकलं.

निवृत्त_तुळई

उदमांजर मान्य. पण ते आत शिरलं कुठून? पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून! कौलं असती तर…

माळावरची

काका, उदमांजर कौल नाकानं सरकवून येतं. आमच्या गावच्या घरात येतं.

निवृत्त_तुळई

तुमच्या गावची कौलं देशी नळीची असतील. मंगळुरी खाचेत बसतात, हलत नाहीत.

बिंदू_चौक_बोलतोय

देवा.

नाद_खुळा_०९

ठीक आहे, माळा मांजराचा. पण चौघांपैकी एक जण रडायला लागला ते? ते खोटं रडणं नव्हतं.

गंगावेशचा_गवळी

ते मलाही कळलं नाही, खरं सांगतो. दोनदा बघितलं. बाकीचे तिघं नाटकी, तो नाही. काळोखात सहा तास बसून कुणालाही होईल, एवढंच म्हणू शकतो. पण पुण्याला शनिवारवाडा आहे, 1773 पासून नारायणराव आहेत, तिथं रडायचं की.

संध्यामठ

तो मुलगा कशावरून रडला ते त्याला माहीत. सोडा त्याला.

गंगावेशचा_गवळी

सोडला. आता असं करूया. अमावस्येला आपणच जाऊ. मीटर नको, बॅटरी आणि कान. पहिल्यांदा मेमोबद्दल प्राचार्यांना भेटू (हाडांच्या नव्हे), मग रीतसर परवानगी. कोण येतंय?

नाद_खुळा_०९

अमावस्येला माझ्या आत्याकडं जेवण आहे.

कोव्हेंट्री_रिटर्न

मी सध्या बंगळूरला.

वकील_नाही_पण

तत्त्वतः पाठिंबा. गेटपर्यंत येईन.

निवृत्त_तुळई

मी येतो. दिवसा. छत बघायला.

संध्यामठ

मी येईन. जिन्यात बसेन थोडा वेळ.

माळावरची

मेमोसाठी येताय ते आधी या, सोमवारी अकराला ऑफिस उघडतं. रात्री यायचं तर दहाच्या आत, नंतर बाबा गेट उघडणार नाहीत आता. आणि बूट घाला. मागच्या अंगाला विंचू निघतात.