भाऊ ट्रेनिंगमध्ये आहे, घरचं त्याले सांगावं का?

यवतमाळची ताई:
नमस्कार. लहान भाऊ अग्निवीरमध्ये लागला, चार महिने झाले सेंटरला जाऊन. गाव आमचं दारव्ह्याकडे. फोन त्यांचा जमाच असतो, रविवारी हातात येतो अन् तोही थोडाच वेळ, मागं पोरांचा एवढा गलबला की अर्धं ऐकूच येत नाही. दीड महिन्याआधी बाबा बंडीवरून पडले, डाव्या पायात रॉड टाकला. आई म्हणते त्याले सांगायचं नाही, पोराचं मन लागणार नाही, सगळं सोडून येईल. म्हणून तो बाबांना मागतो तेव्हा मी म्हणते वावरात गेले. मागच्या रविवारी म्हणे, "सकाळी फोन केला तरी वावरात, सांजेला केला तरी वावरात, जेवाले तरी घरी येतात का नाही?" अन् गप झाला. तेव्हापासून मलेच झोप नाही. ज्यांच्या घरी फौजी आहे त्यांनी सांगा काय करू.

रिटायर हवालदार, बुलढाणा:
पोरी, सांगून टाक. मी महार रेजिमेंटचा, मध्य प्रदेशातल्या सागर गावाले ट्रेनिंग झाली. माही आजी गेली तेव्हा घरच्यांनी असंच लपवलं, दोन महिन्यानं छुट्टी आलो, खांद्यावर बिस्तरा तसाच, पाहतो तर ओसरीत आजीची बाजच नाही. कोणी काही सांगायची गरजच पडली नाही. त्यानंतर घरून "सगळं ठीक आहे" असं पत्र आलं की मले ते खरंच वाटेना, नोकरीभर.
अन् तो तिथं एकटा आहे असं समजू नको. सांजच्या रोलकॉलनंतर बॅरेकमध्ये सगळे आपापल्या चारपाईवर बूट घासत बसतात, ज्याचं घरी काही बिघडलं त्याचा ब्रश एकाच जागी फिरत राह्यते, बाजूच्याले लगेच समजते. मग तोच लंगरातून त्याचीबी रोटी घेऊन येते. आमच्या टायमाले तार यायची, अन् काही जण छुट्टीसाठी खोटी तार मागवत, म्हणून खऱ्या तारेवरही साहेबांना शंका येई. 2013 मध्ये तारच बंद झाली. तू डॉक्टरच्या कागदाचा फोटो काढून ठेव, गरज पडली तर त्याले कंपनीत साहेबांना दाखवता येईल.

फौजीची बायको, भंडारा:
काकांचं बरोबर आहे पण ताई, कसं सांगता ते फार महत्त्वाचं. मी एकदा घाबरून रडत रडत "मामंजींना दवाखान्यात नेलं" एवढंच बोलले अन् रेंज गेली. हे तेव्हा वर पोस्टवर, दोन दिवस फोन लागला नाही. ते दोन दिवस कसे काढले हे त्यांनी मला आजपर्यंत सांगितलं नाही. म्हणून पहिलं वाक्य हेच बोला की बाबा घरी आहेत, बरे आहेत, मग पडल्याचं. अन् शक्यतो बाबांच्याच हातात फोन द्या. आणि पत्र टाकत जा, खरंच. फोन परत जमा होतो, पत्र उशीखाली राहतं. आमच्या ह्यांच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून लेकीनं पहिल्यांदा काढलेल्या रेघोट्या चिकटवलेल्या आहेत, 56 एपीओच्या, म्हणजे फौजेच्या टपालाच्या पत्त्यावर मीच पाठवल्या होत्या, तीन पोस्टिंग झाल्या तरी तो कागद तसाच आहे.

अग्निवीर, चंद्रपूर:
ताई मले दुसरं वर्ष आहे. आम्हाले वर्षाची 30 दिवस छुट्टी, त्यात ट्रेनिंग चालू असताना निघणं लय कठीण, म्हणून आईची भीती समजते. पण घरचे सारखं चांगलंच सांगू लागले का रात्री संतरी ड्यूटीवर जास्त भेव वाटते, डोकं भलतंच काही जोडत बसते. अजून एक, दवाखान्याच्या पैशाचं काय केलं तेही सांगा. पहिल्या वर्षी 30 हजारातले 21 हजारच हाती येतात, बाकी निधीत जातात, तो मनातल्या मनात तोच हिशेब करत राहीन. कापूस विकला का सोनं ठेवलं, जे असंल ते सांगा.

यवतमाळची ताई:
काल सांगितलं. आई आधी नाहीच म्हणत होती, मग तिनंच बाबांच्या कानाला फोन लावला. बाबा म्हणाले, "मी वावरात नाही रे, बाजेवर आहो." तो बराच वेळ काही बोललाच नाही, आम्हाला वाटलं फोन कटला. मग विचारलं कोणता पाय. डावा म्हटल्यावर म्हणे काठी उजव्या हातात धरा बाबा, इथं एमआय रूममध्ये, म्हणजे आमच्या दवाखान्यात, तसंच शिकवतात. बाबा इतके दिवस डाव्या हातात धरत होते. आज सकाळपासून उजव्या हातात धरून अंगणात दोन चकरा मारल्या.