मदत हवी आहे: पाम बीच रोडवरचे फ्लेमिंगो नेमके कधी गाठायचे?

रोज नवी मुंबईत पाम बीच रोडने वाशी ते बेलापूर गाडीने जातो. नऊ वर्षं झाली, रस्ता म्हणजे सिग्नल आणि हॉर्न एवढंच. गेल्या मंगळवारी सकाळी नेरुळच्या सिग्नलला थांबलो होतो, तर डोक्यावरून फ्लेमिंगोंचा थवा गेला. इतक्या खालून, की पंखाखालचा गुलाबी रंग आणि त्याला असलेली काळी किनार स्पष्ट दिसली. मान अशी ताणलेली, जणू कुणी दोरी ओढतंय. मागचा हॉर्न वाजवत राहिला, मी आपला बघत.

ठाणे खाडीत भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि ते नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीत येऊन बसतात, एवढं माहीत आहे. आता आईला दाखवायचेत. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे लांब चालणं नाही.

जाणकारांनो, भरतीच्या किती आधी पोहोचावं? डीपीएस शाळेजवळचा तलाव बरा की टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेची बाजू? गाडी कुठे लावता येते? (पाम बीचवर कडेला थांबायचं धाडस माझ्यात नाही.) आणि सध्याच्या उन्हात सकाळची भरती कुठल्या तारखांना मिळेल, हे कुणी भरतीचं कोष्टक बघून सांगेल का?