कांद्याच्या पापुद्र्यात पेशी दिसत नाहीत, काळी वर्तुळंच दिसतात

प्रश्न: नागपुरात सातवीच्या २० मुलांसाठी २ सूक्ष्मदर्शक आहेत. कांद्याच्या स्लाइडवर जाड काळ्या कडांची वर्तुळं दिसतात. फुटाळा तलावाच्या पाण्यात तर काहीच सापडत नाही. काय चुकतंय?

उत्तर १: ताई, ती वर्तुळं म्हणजे हवेचे बुडबुडे. पापुद्रा मांसल पाकळीच्या आतल्या, खोलगट बाजूचा घ्या, तोही ५ मिलिमीटरच. आधी पाण्याचा थेंब, त्यात पापुद्रा न दुमडता पसरा. मग कव्हरस्लिप (वरून झाकायची पातळ काच) एका कडेवर तिरकी टेकवून सुईने हळूहळू खाली सोडा. वरून सपाट टाकली की हवा अडकणारच! पेशीचं केंद्रक दिसण्यासाठी पातळ केलेल्या आयोडीनचा एक थेंब पुरे. सुरुवात नेहमी सर्वात कमी वर्धनाच्या भिंगाने करा.

उत्तर २: तलावाच्या मधल्या स्वच्छ पाण्यात जीव विरळ असतात. काठचं शेवाळ पिळून घ्या. हमखास पॅरामेशियम (एकपेशीय सूक्ष्मजीव) हवे असतील तर मूठभर वाळलं गवत १ लिटर पाण्यात १० मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, त्यात २-३ चमचे तलावाचं पाणी घाला आणि सैल झाकून सावलीत ठेवा. साधारण आठवडाभरात वर साय धरते, थेंब तिथूनच घ्या. गरम असताना तलावाचं पाणी घातलं तर सगळे जीव मरतात. फार पळत असतील तर कापसाचे ४-५ तंतू टाका.

उत्तर ३: कूलरच्या टाकीतलं हिरवं शेवाळही उत्तम. डासांच्या अळ्या असतील तर बरणी जाळीने घट्ट बांधा. आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात थेंब लवकर सुकतो, कव्हरस्लिपच्या कडेने ड्रॉपरने पाणी देत राहा.