दोन-तीन आठवडे वीज नसेल तर घराची तयारी कशी ठेवावी? (सोलापूर शहर)

जुळेसोलापूरकर :
नमस्कार मंडळी. तासा-दोन तासांच्या लोडशेडिंगबद्दल विचारत नाही. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या काही गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तसं इथे झालं, दुकानांत मालही येईना झाला, तर घर कसं चालवायचं? दुमजली घर, पाच माणसं, आई इन्सुलिनवर. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी आहे. छतावर ३ किलोवॅट सोलर आहे, नेट मीटरवालं, म्हणजे उरलेली वीज महावितरणच्या लाईनवर जाते. खाली हौद, वर हजार लिटरची टाकी, अर्ध्या एचपीची मोटर. सोलर आहे म्हणजे दिवसाची तरी काळजी नाही, बरोबर ना? जनरेटरही घेऊन ठेवावा का?

तारजोडणी :
दादा, आधी सोलरचं बघू, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. नेट मीटरवालं ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर वीज गेली की स्वतःहून बंद पडतं. डोक्यावर रणरणतं ऊन असलं तरी एक दिवासुद्धा लागणार नाही. ते मुद्दामच तसं केलेलं असतं. नाहीतर तुमच्या छतावरची वीज उलटी लाईनवर जाईल आणि खांबावर चढलेला वायरमन जीवानिशी जाईल.

त्यावर उपाय दोन. पहिला, महावितरणला कळवून हायब्रिड इन्व्हर्टर (लाईन गेली तरी सोलर आणि बॅटरीवर चालणारा) आणि ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी बसवणं. १०० एएचची घेतली तर साधारण ५ युनिट साठतात, पण खर्च मोठा. दुसरा स्वस्त : आहे त्या बॅटरीला ३३० वॅटचे दोन वेगळे पॅनेल एमपीपीटी चार्ज कंट्रोलरमधून (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा डबा) जोडायचे. छतावरचे जुने पॅनेल यासाठी ओढू नका. ते सिरीजमध्ये (एकामागे एक जोडलेले) आहेत, त्या तारांवर २५०-३०० व्होल्ट डीसी असतो आणि त्याची ठिणगी सहज विझत नाही.

कंट्रोलर घेताना डोळे उघडे ठेवा. बाजारात डब्यावर 'एमपीपीटी' छापलेले कितीतरी आतून साधे पीडब्ल्यूएम कंट्रोलर निघतात. पीडब्ल्यूएम पॅनेलला खाली बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढतो. मग ३३० वॅटच्या पॅनेलमधून ९ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट, म्हणजे जेमतेम ११५-१२० वॅट हाती लागतात. पॅनेल एकमेकांना पॅरललमध्ये (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडा. सिरीजमध्ये उघडा व्होल्टेज (काही न जोडता पॅनेलवर असतो तो) ९० च्या वर जातो, छोटे कंट्रोलर तिथे जळतात. चार्जिंगची मर्यादा २० अँपिअरवर बांधा, १५० एएचला त्याहून जास्त सोसत नाही. मग एवढ्यासाठी दोन पॅनेल कशाला? श्रावणातल्या ढगाळ दिवसांसाठी.

आता रात्रीचा हिशेब. बॅटरीचे १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे, नाहीतर प्लेटांवर सल्फेट धरतं आणि बॅटरी लवकर बसते. ९०० मधून इन्व्हर्टरची घट वजा जाता ७६५ च्या आसपास उरतात. साधा पंखा ७५ वॅट खातो. दोन पंखे ९ तास म्हणजे १३५०, इथेच गणित मोडलं. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटचा. दोन पंखे रात्रभर ५४०, चार एलईडी ५ तास १८०, मोबाईलला ५०. जेमतेम भागतं. म्हणून पैसे आधी पंख्यांवर घाला, बॅटरीचं नंतर बघू. विसावलेल्या बॅटरीवर मीटर १२.२ व्होल्ट दाखवू लागला की निम्मी संपली असं धरा. इन्व्हर्टर १०.५ ला आपोआप बंद होईपर्यंत थांबू नका. महिन्याकाठी डिस्टिल्ड वॉटर बघा, ॲसिड कधीही घालू नका. आणि बॅटरी सावलीत, हवेशीर जागी हवी. सोलापूरच्या ४४ अंशांत गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली बॅटरी अर्ध्या आयुष्यातच जाते.

हौदाचं पाणी :
विजेआधी पाणी बघा. सोलापूरला मिळणारं उजनी, टाकळी आणि हिप्परग्याचं पाणी मोठमोठ्या पंपांवर चालतं, पाकणी आणि सोरेगावची शुद्धीकरण केंद्रंही विजेवरच. एरवीच नळाला काही दिवसांआड पाणी येतं. ग्रिड (वीजवाहिन्यांचं जाळं) पडलं की पुढची पाळी कधी, हे कुणी सांगू शकणार नाही. एनटीपीसीचं कोळशावरचं वीजकेंद्र शेजारीच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. औष्णिक संच सुरू करायलाच बाहेरची वीज लागते, ती आधी कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रातून यावी लागते.

पाच माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ३५ लिटर, आंघोळ-भांडी-संडास धरून काटकसरीत १०० ते १२०. हजार लिटरची टाकी आठ-दहा दिवस पुरेल. त्यापुढे हौद.

हौदातून वर पाणी चढवण्यात तुमची अडचण होणार. अर्ध्या एचपीची मोटर चालताना ६०० वॅटच घेते, पण सुरू होताना त्याच्या तीन ते पाच पट ओढते. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर लगेच ट्रिप होईल. फवारणीच्या बॅटरी पंपात असते तसली १२ व्होल्टची डायफ्राम मोटर नवी कोरी आणून ठेवा (औषध मारलेल्या पंपाची चुकूनही नको). थेट बॅटरीवर ४ अँपिअर घेते, मिनिटाला ३-४ लिटर दुसऱ्या मजल्यावर सहज चढवते. सक्शनला (पाणी ओढणाऱ्या नळीला) बारीक जाळी लावाच, हौदातला गाळ गेला की आतला व्हॉल्व्ह अडकतो आणि मोटर नुसती गुरगुरते. तारेत १० अँपिअरचा फ्यूज हवा.

शुद्धीकरण : नळाच्या स्वच्छ पाण्याला हजार लिटरला २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर, बोअर किंवा टँकरच्या पाण्याला ५ ग्रॅम. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसला की वरची निवळी टाकीत ओता, अर्धा तास थांबा. पाण्याला क्लोरीनचा हलका वास यायला हवा. फोडलेलं पाकीट आमच्याकडच्या उन्हाळ्यात झपाट्याने निकामी होतं, म्हणून छोटी पाकिटं घ्या आणि प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा. संडासच्या ॲसिडजवळ तर अजिबात नको, दोन्ही एकत्र आली की विषारी वायू सुटतो.

बेगमीवाली :
पीठ साठवायचं नाही, धान्य साठवायचं. पण गिरणीही विजेवर चालते हे लोक विसरतात, म्हणून घरात जातं किंवा हातगिरणी हवीच. ज्वारीचं पीठ पंधरा दिवसांत कडवट होतं, विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना फाटते. तेव्हा उकळतं पाणी घालून मळलं तर जरा सावरते.

माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य धरा. पाच जणांना महिन्याला ६० किलो, डाळी १० किलो, तेल ५ लिटर, मीठ २ किलो. मालदांडी ज्वारी सुगीच्या दिवसांत, मार्चला घ्या. कडकडीत वाळवा, दाताखाली कट्कन फुटली पाहिजे. ओलसर राहिली की सोंडे धरतात. कडुलिंबाचा वाळलेला पाला, झाकणबंद कोठी, डाळींना एरंडेलाचा हात. धान्यातली कीड मारायच्या सल्फासच्या गोळ्या घरात आणू नका, त्यातून निघणाऱ्या फॉस्फिनने झोपेतच माणसं मरतात.

आणि आपल्याकडे कडक भाकरी आहे की! पातळ थापायची, भाजून मंद आचेवर पार कोरडी करायची. हवाबंद डब्यात महिनाभर टिकते, आमटीत चुरली की जेवण झालं, गॅस वाचला. शेंगाचटणी मात्र थोडी थोडी कुटा, खवट होते. गॅसचा दुसरा सिलिंडर भरलेलाच असू द्या. कोळशाची शेगडी फक्त अंगणात.

जुळेसोलापूरकर :
सोलरचं माहीतच नव्हतं. आभार. आईच्या इन्सुलिनचं काय? आणि जनरेटर?

तारजोडणी :
जनरेटर घरासाठी मी सुचवणार नाही. २ केव्हीएचा पेट्रोलवाला तासाला लिटरभर पितो, आणि विनापरवाना घरी ३० लिटरच ठेवता येतं. म्हणजे रोज तीन तास चालवला तर दहा दिवस. शिवाय हल्लीच्या इथेनॉलच्या पेट्रोलला ओल धरते आणि कार्ब्युरेटर चोंदतो. घेतलाच तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) लावा, सॉकेटमधून उलटा जोडू नका, जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, पण तो माणूस मारतो.

बेगमीवाली :
दादा, आईचं चालू इन्सुलिन ३० अंशांच्या आत राहिलं तर बहुतेक प्रकारांत चार आठवडे चालतं. कुपीवर उघडल्याची तारीख लिहा आणि तुमच्या प्रकाराची मुदत डॉक्टरांकडून आजच विचारून घ्या. मोठ्या माठात वाळू, वाळूत छोटं मडकं, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, वर ओलं फडकं, सावलीत वारा लागेल तिथे ठेवायचं. कुपी प्लास्टिकच्या डबीत, सोबत थर्मामीटर. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात हे छान गार होतं, पावसाळी दमट हवेत मात्र फारसं होत नाही. माठ बाहेरून रंगवलेला घेऊ नका, पाझरत नाही. बर्फ मिळाला तरी कुपीला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.