खनिज विकणारा देश कारखानदार देशाच्या मुठीत असतो का?

ओवी:
वर्गात अर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ राउल प्रेबिश यांची मांडणी शिकवली. १९५० च्या सुमारास त्यांनी म्हटलं की कच्च्या मालाचे भाव पक्क्या मालाच्या तुलनेत हळूहळू घसरत जातात, त्यामुळे नुसतं खनिज-धान्य विकणारा देश मागेच पडतो. पण २०२० साली ऑस्ट्रेलियाने कोविडच्या उगमाची चौकशी मागितल्यावर चीनने त्यांच्या बार्लीवर ८० टक्के कर लावला, पुढे वाइनवर २१८ टक्क्यांपर्यंत, कोळसा तर बंदराबाहेरच अडवला. लोहखनिजाला मात्र हात लावला नाही. मग कोण कोणाच्या मुठीत?

तांडेल:
ओवी, मी बल्क कॅरिअरवर, म्हणजे खनिज-धान्यासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, चीफ मेट (कॅप्टनच्या खालचा अधिकारी) आहे. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट हेडलंड बंदरातून लोहखनिज चीनला नेणं हे आमचं नेहमीचं काम. तिथे माल भरणारा लोडर जहाजाच्या एका होल्डवरून (माल भरायच्या कप्प्यावरून) दुसऱ्यावर सरकत असतो, त्याच वेळी आम्ही बॅलास्टचं, म्हणजे रिकामं जहाज स्थिर राहावं म्हणून घेतलेलं, पाणी बाहेर काढत असतो, आणि डेकवर, कपड्यांवर, कानात लाल भुकटी बसते. बंदरातून बाहेर पडायचा चॅनल उथळ, त्यामुळे पूर्ण भरलेलं जहाज भरतीशिवाय बाहेर पडूच शकत नाही. एकाच भरतीवर एकामागून एक जहाजं सुटतात आणि त्यातली बहुतेक चीनकडेच वळतात.

एवढा माल चीन दुसरीकडून आणणार कुठून? जगातलं निम्म्याहून अधिक पोलाद तिथे बनतं. स्वतःच्या खाणी आहेत, पण त्यांच्या खनिजात लोहाचं प्रमाण कमी. ब्राझीलहून यायला दीड महिना लागतो, ऑस्ट्रेलियाहून साधारण दोन आठवडे. शिवाय जानेवारी २०१९ मध्ये ब्राझीलमध्येच ब्रुमाडिन्यो इथल्या लोहखाणीचं गाळ साठवायचं धरण फुटलं, अडीचशेहून जास्त माणसं गाडली गेली, आणि तिथलं उत्पादन बराच काळ सावरलं नाही. म्हणून नाक दाबलं की तोंड उघडतं, हा डाव इथे चालणार नव्हता. उलट मे २०२१ मध्ये खनिजाचा भाव टनाला २०० डॉलरच्या वर गेला.

कोळशाचं वेगळं. चीनकडे स्वतःचा भरपूर आहे, वर मंगोलिया, रशिया, इंडोनेशिया हाताशी. म्हणून तो अडवणं परवडलं. त्यात भरडले गेले ते खलाशी. ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन गेलेल्या ‘जग आनंद’ जहाजावरचे २३ भारतीय जून २०२० पासून चीनच्या जिंगतांग बंदरासमोर नांगरावर अडकले होते. धक्का समोर, पण ना माल उतरवता येत, ना क्रू बदलता येत. जानेवारी २०२१ मध्ये जहाज जपानच्या चिबा बंदराला गेलं तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. दोन सरकारांच्या भांडणात त्यांचा काय संबंध होता? मला आजही याचा संताप येतो.

हिशेबनीस:
तांडेलसाहेब, खनिज गाळून धातू काढणारी भट्टी कोणाची हेही बघायला हवं. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाची निर्यात बंद केली, इथेच गाळा म्हणाले. त्यांच्या सुलावेसी बेटावर मोरोवालीला भट्ट्या उभ्या राहिल्या, कामं मिळाली, निर्यातीची किंमत वाढली. पण पैसा आणि तंत्र मुख्यतः चिनी कंपन्यांचं, वीज कोळशाची. युरोपियन युनियनने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली, २०२२ मध्ये निकाल इंडोनेशियाच्या विरोधात गेला, त्यांनी अपील केलं. बंदी कायम आहे. माझ्या मते प्रेबिश यांचा मुद्दा अजून जिवंत आहे, फक्त दोरी भट्टीच्या मालकाकडे गेली.

तांडेल:
पटतं. ऑस्ट्रेलियाचंच लिथियम घ्या. खाणीतून काढण्यात ते जगात पहिले, पण बहुतेक स्पोड्युमीन (लिथियमचं खनिज) शुद्ध व्हायला चीनलाच जातं. तिथे ऑस्ट्रेलियाची बाजू लोखंडाइतकी भक्कम नाही.

ओवी, मी तरी कोणाच्या मुठीत यापेक्षा दुसरी सोय लावायला किती वर्षं लागतील हे विचारतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशात सिमांदूच्या डोंगरांत उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे आणि चिनी कंपन्यांनी तिथे पैसा ओतलाय, ऑस्ट्रेलियावरची भिस्त कमी व्हावी म्हणूनच. तिथे शोधकामाचा परवाना १९९७ मध्ये दिला गेला होता. मग परवान्यांचे वाद, सत्तापालट, सहाशे किलोमीटरहून लांब रेल्वे, नवं बंदर. खनिज निघायला २०२५ ची अखेर उजाडली.

ओवी:
म्हणजे सिमांदू पूर्ण भरात आलं की ऑस्ट्रेलियाला २०२० सारखं निर्धास्त राहता येणार नाही?

तांडेल:
भाव पाडून मागायला चीनला जागा मिळेल. तोडून टाकण्याइतकी नाही, अंतर आणि टनांचा हिशेब अजून पिलबाराच्या, म्हणजे पोर्ट हेडलंडमागच्या ऑस्ट्रेलियन लोहखाणींच्या, बाजूने आहे.