ताश्कंदला हाजीपीर परत द्यायला नको होतं

रानवारा:
युद्धात जिंकायचं आणि तहात हरायचं, ही आपली जुनी खोड. २८ ऑगस्ट १९६५ ला मेजर रणजितसिंग दयाळ यांच्या तुकडीने रात्रभर पावसात चढून हाजीपीर खिंड घेतली. उरी आणि पूंछ यांना जोडणारा थेट रस्ता तिथूनच जातो. १० जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये भारत-पाकिस्तान करारावर सह्या झाल्या आणि खिंड पाकिस्तानकडे परत गेली, घुसखोरांची वाट पुन्हा उघडली. महावीर त्यागींनी याच कारणासाठी मंत्रिपद सोडलं. ही चूक आपण आजही भोगतोय.

जुनाजाणता:
साफ नामंजूर. ५ ऑगस्टपूर्वीच्या जागी परत जा, ही अट ताश्कंदमध्ये जन्मली नाही. सुरक्षा परिषदेच्या २० सप्टेंबरच्या ठरावात ती आधीच होती. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन मध्यस्थ होते, पण चौकट तीच. आणि पाकिस्तानकडे काय होतं ते कोणी सांगतच नाही. पंजाबात खेमकरण, जम्मूत छांब. छांबहून पुढे अखनूर, तिथे चिनाबवरचा पूल. तो गेला तर राजौरी-पूंछची रसदच तुटते. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतः ताश्कंदला होते. खिंडीचं मोल त्यांना कळत नव्हतं, असं म्हणायचंय का?

रानवारा:
यशवंतरावांच्या समजुतीवर शंका नाहीच. दबाव किती होता हा प्रश्न आहे.

दर्यावर्दी:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. कारगिलच्या वरच्या चौक्या बघा. मे १९६५ मध्ये घेतल्या, संयुक्त राष्ट्रांच्या आश्वासनावर सोडल्या. ऑगस्टमध्ये पुन्हा घेतल्या, ताश्कंदनंतर पुन्हा सोडल्या. १९७१ ला तिसऱ्यांदा घेतल्या आणि या वेळी राखल्या, कारण सिमला करारात जम्मू-काश्मीरपुरती १७ डिसेंबर १९७१ च्या शस्त्रसंधीतून आलेली ताबारेषा मानायचं ठरलं. डोंगर तेच, फरक पडला तो करारात कोणती तारीख लिहिली याने. १९६६ ला आपण तारखेवर भांडायला हवं होतं.

जुनाजाणता:
भांडायला हातात काहीतरी लागतं! १९७१ ला पाकिस्तानचे सुमारे ९३ हजार युद्धकैदी होते, ढाका पडलं होतं. १९६५ ला निर्णायक विजय कोणाचाच नव्हता. शिवाय बळ न वापरता वाद सोडवू, हे पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान यांच्याकडून लिहून घेतलं, तेही कमी नव्हतं.

रानवारा:
त्या लिहून घेतलेल्याचं काय झालं ते १९७१ ला दिसलं. सगळं सोडा, निदान अदलाबदल तरी मागायची होती: छांब तुम्ही ठेवा, हाजीपीर आम्ही ठेवतो. छांब १९७१ मध्ये गेलंच, सिमल्यातही परत मिळालं नाही, तरी अखनूरचा पूल आपल्याकडेच राहिला. म्हणजे ज्या भीतीपोटी खिंड सोडली म्हणता, ते संकट छांब गेल्यावरही आलं नाही. हाजीपीर मात्र अजून पलीकडेच आहे.