रणगाडे भंगारात काढायची वेळ आली का?

बांधावरचा (धागाकर्ता)

परवा आमच्या उसावर फवारणीला ड्रोन बोलावला होता. उडवणारं पोरगं शेजारच्याच गावचं, नुकतं मिसरूड फुटलेलं. दहा लिटरची टाकी भरली, बॅटरी चढवली आणि माझी तंबाखू मळून होतेय तोवर निम्मं रान उरकलंसुद्धा. गडी लावले असते तर अख्खी सकाळ गेली असती. तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय: औषधाच्या जागी दारूगोळा बांधला की हेच यंत्र रणगाडा फोडतं.

२०२० मध्ये नागोर्नो-काराबाखला हे जगाने पाहिलं. अझरबैजानने एएन-२ नावाची जुनाट दुपंखी खटारी बिनपायलटची करून पुढे धाडली. आर्मेनियाने त्यांच्यावर मारा केला आणि स्वतःच्या तोफा-रडारच्या जागा दाखवून बसला. मग तुर्की बायरक्तार आणि इस्रायली हारोप या ड्रोननी एकेक टिपून काढलं. ४४ दिवसांत कारभार आटोपला. १ जून २०२५ला तर कमालच झाली. युक्रेनने ११७ ड्रोन ट्रकवरच्या लाकडी खोपटांत लपवून रशियात नेले, छप्पर उघडलं आणि पार सैबेरियातल्या बेलाया तळावरची बॉम्बर विमानं पेटवली. युक्रेन म्हणतं ४१ विमानांना दणका दिला, अमेरिकनांच्या अंदाजात ते निम्म्यावर येतं. निम्मंच धरा.

आता गणित. २०२१ साली आपण ११८ अर्जुन मार्क-१ए रणगाड्यांची ऑर्डर दिली, ७,५२३ कोटींची. एक नग जवळपास ६४ कोटींना. युक्रेनमध्ये एफपीव्ही, म्हणजे डोळ्यांना गॉगल लावून उडवायचा ड्रोन, चार-पाचशे डॉलरला पडतो. आपले चाळीसेक हजार. एका रणगाड्यात सोळा हजार ड्रोन! मग ही अवजड धुडं घ्यायचीच कशाला? जाणकारांनी सांगावं. शिव्या दिल्या तरी चालतील.

तोफखानी

गुणाकार बरोबर आहे, हिशेब चुकलाय.

मी देवळालीला शिकलो आणि बावीस वर्षं तोफखान्यात काढली. १९९९ला द्रासला होतो. तिथली हवा विरळ, गोळा तक्त्यात लिहिलेल्यापेक्षा लांब जाऊन पडतो. दुपार झाली की वारं असं सुटतं की मेट, म्हणजे हवामानाचा संदेश, नव्याने घेऊन सगळं गणित पुन्हा मांडायचं. तुमचा तो फवारणीचा ड्रोन तिथे टाकी तर सोडाच, स्वतःचं वजन उचलायला धापा टाकेल. थंडीत बॅटरी अर्ध्यावर येते ती वेगळीच. युक्रेनचं सपाट काळं रान आणि आपला उत्तरेकडचा डोंगर, एका फूटपट्टीने मोजू नका.

दुसरं. रशियाचे तीन हजारांहून जास्त रणगाडे गेले हे फोटो मोजणाऱ्या ओरिक्सवाल्यांनी दाखवलं, कबूल. पण पहिल्या वर्षात त्यांतले कितीतरी सुरुंगांनी, खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांनी, तोफांनी आणि निव्वळ डिझेल संपल्यामुळे गेले. आणि इतके जाऊनही रशिया जुने रणगाडे गोदामातून काढून, वर लोखंडी पिंजरे ठोकून पुढे आणतोच आहे. का? कारण ड्रोन खंदकातल्या माणसाला मारू शकतो, त्या खंदकात जाऊन बसू शकत नाही. जमीन घ्यायला अजून माणूस लागतो आणि माणसाला पत्रा लागतो.

तिसरं, गोळे. युरोपने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात दहा लाख गोळे देऊ म्हणून सांगितलं आणि मुदतीत निम्म्यावरच थांबले. सगळा युरोप मिळून! अमेरिकेचे जीपीएसवाले एक्सकॅलिबर गोळे रशियन जॅमिंगमुळे, म्हणजे सिग्नल दाबून टाकल्यामुळे, इतके भरकटायला लागले की युक्रेनने ते जवळपास बाजूला ठेवले. साधा, बिनडोक, १५५ मिलिमीटरचा गोळा मात्र कुणाला जॅम करता आला नाही. चांदा आणि अंबाझरीच्या दारूगोळा कारखान्यांवर धागा काढा, आनंदाने लिहीन.

काडीबहाद्दर

काका, सिंधी घोडदळवाल्यांनीही १९१४ला हेच सांगितलं असतं. जमीन घ्यायला घोडा लागतो!

तोफखानी

सिंध हॉर्स म्हणायचंय का तुम्हाला? ती रेजिमेंट आजही आहे. रणगाड्यांवर आहे.

काडीबहाद्दर

गेलो. पाणी पितो.

बांधावरचा

काका, डोंगराचा मुद्दा मान्य. पण अमेरिकेने युक्रेनला दिलेले ३१ अब्राम्स २०२४ मध्ये ड्रोनच्या भीतीने आघाडीवरून मागे घ्यावे लागले होते ना? जगातला भारीतला भारी रणगाडा झाडाखाली लपवून ठेवायचा असेल तर तो घ्यायचा कशाला, हा माझा प्रश्न उभाच आहे. सपाट रान आपल्याकडेही आहे. राजस्थान आहे, पंजाब आहे.

तोफखानी

पंजाबचंच घ्या. मे २०२५, ऑपरेशन सिंदूर. ८ मेच्या रात्री पाकिस्तानने ३६ ठिकाणी तीन-चारशे ड्रोन सोडले, हा आपल्या सरकारचा अधिकृत आकडा. त्यातले बरेच तुर्की सोंगार. ते पाडायला कोण पुढे आलं? एल-७०. ४० मिलिमीटरची स्वीडिश बोफोर्स, १९६०च्या दशकापासून आपल्याकडे असलेली तोफ. नवा कॅमेरा नि नवं रडार जोडलं आणि म्हातारी उभी राहिली. (श्रेय आमचं नाही बरं का. ती तोफ एअर डिफेन्सवाल्यांची, ते १९९४ला आमच्यातून वेगळे झाले.) तुमच्या हिशेबाने ती वीस वर्षांपूर्वीच भंगारात गेली असती. मग चाळीस हजारांच्या ड्रोनवर कोट्यवधींचं क्षेपणास्त्र सोडत बसलो असतो.

दर्यावर्दी

त्या कोट्यवधींच्या क्षेपणास्त्राबद्दल आमच्याकडून ऐका. मी व्यापारी जहाजावर सेकंड ऑफिसर, गाव गुहागर.

२०२३च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हौथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर ड्रोन नि क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली. अमेरिकन विनाशिका ती पाडायच्या, एकेक क्षेपणास्त्र वीस लाख डॉलरच्या घरातलं. पडायची बहुतेक. पण त्याने काय झालं? कंपन्यांनी बाब-अल-मंदेबचा, म्हणजे लाल समुद्राच्या तोंडाचा, रस्ताच सोडला आणि जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जायला लागली. दहा-बारा दिवस जास्त. हौथींना आमचं जहाज बुडवायची गरजच नव्हती, विमेवाल्याला घाबरवलं की पुरे. आरमार नसलेल्या टोळीने जगाचा एक रस्ता बंद पाडला, याला तुम्ही रणनीती म्हणाल की नाही ते बघा.

जी थोडी जहाजं तरीही त्या वाटेने जायची, त्यांची एआयएसवर, म्हणजे जहाजाची ओळख नि जागा इतरांना दाखवणाऱ्या यंत्रणेवर, नावं बघताना हसू पण यायचं आणि पोटात गोळा पण. एआयएसमध्ये पुढचं बंदर टाकायचा रकाना असतो. तिथे बंदराऐवजी लोक टाकायचे, 'ऑल चायनीज क्रू'. म्हणजे बाबांनो, आम्ही चिनी, आम्हाला सोडा. एकविसाव्या शतकातली अब्जावधींची यंत्रणा, आणि वाचवणार कोण, तर दारावर लिहिलेली पाटी.

आणि हे लांबचं म्हणून सोडू नका. २३ डिसेंबर २०२३ला केम प्लूटो हा टँकर मंगळूरकडे निघाला होता, गुजरात किनाऱ्यापासून साधारण २०० सागरी मैलांवर त्याच्यावर ड्रोन आदळला. जहाजावरचे बहुतेक जण भारतीय. तटरक्षक दलाच्या विक्रमने सोबत करून त्याला मुंबईत आणला. त्या आठवड्यात आईने मला रोज फोन केला.

सोल्डरिंगवाला

वरचे सगळेजण ड्रोन म्हणजे बंदुकीसारखी एक वस्तू धरून बोलताय. एकदा घेतली, कोठारात ठेवली, वीस वर्षांनी काढली. तसं नसतं. ड्रोन म्हणजे दूध आहे, नासतं.

मी भोसरीत एका छोट्या शेडमध्ये ईएससी, म्हणजे मोटरला करंट देणाऱ्या पट्ट्या, आणि फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनला हवेत सावरणारा बोर्ड, बनवतो. युक्रेनच्या आघाडीवर आज एका फ्रीक्वेन्सीवर उडणारा ड्रोन उद्या जॅम होतो. मग फ्रीक्वेन्सी बदलतात, मग समोरचा जॅमर बदलतो. २०२४ पासून तर दोघांनीही वैताग आणणारा उपाय काढला: ड्रोनच्या पोटाला फायबरचं रीळ बांधायचं, दहा-वीस किलोमीटरची तार मागे सोडत जायचं. रेडिओच नाही तर जॅम काय करणार? तिथल्या शेतांवर आता कोळ्याच्या जाळ्यासारख्या काचेच्या तारा चमकत पडलेल्या दिसतात. आणि तारेवरच्या ड्रोनला अडवायला काय? खेरसनच्या रस्त्यांवर वरून जाळी ताणलीय. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या मच्छीमारांनी वापरून टाकलेली जाळी त्यासाठी पाठवली.

हे सगळं महिन्यांच्या हिशेबात बदलतं. आता आपलं बघा. आधी मागणीपत्र, मग टेंडर, मग चाचण्या (एक उन्हाळ्यात वाळवंटात, एक हिवाळ्यात डोंगरात), मग भाव ठरणार, मग ऑर्डर. तोवर माझ्या बोर्डावरची चिपच बाजारातून गेलेली असते. धागाकर्त्याच्या सोळा हजार ड्रोनचं म्हणाल, तर ते घेऊन कोठारात ठेवलेत की दोन वर्षांत सोळा हजार खेळणी होतील. घ्यायचा असेल तर कारखाना घ्या, ड्रोन नको. नागपूरच्या सोलर कंपनीने नागास्त्र, म्हणजे लक्ष्यावर जाऊन आदळणारा ड्रोन, करून दाखवलं, लष्कराने ४८० मागवले, चांगलंच झालं. पण ४८० हा रशिया-युक्रेनचा एका सकाळचा खुराक आहे.

आणि दुखरी नस म्हणजे सुटे भाग. मोटरमधलं लोहचुंबक, कॅमेरा, बॅटरीचे सेल, सगळं फिरून फिरून चीनला जाऊन पोचतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिनी भाग निघाले म्हणून ४०० मालवाहू ड्रोनचे करार सरकारला रद्द करावे लागले. त्याच एप्रिलमध्ये चीनने दुर्मिळ खनिजांची नि चुंबकांची निर्यात परवान्यावर आणली. लढाई लडाखला होवो नाहीतर कुठेही, माझ्या शेडमधली मोटर फिरेल की नाही हे बीजिंगमधला कारकून ठरवतो. यावर कोणी रणगाडा की ड्रोन असा वाद घालत नाही, कारण त्यात मजा नाही.

वकिलीणबाई

कोणीच न काढलेला मुद्दा. धाग्यात ज्या १ जूनच्या हल्ल्याचं कौतुक झालंय, त्यात सिग्नल तुटला तर पुढचं लक्ष्य ड्रोनने स्वतः ओळखायचं अशी सोय होती, असं युक्रेनी सुरक्षा सेवेच्या हवाल्याने छापून आलंय. पोल्टाव्याच्या संग्रहालयात उभी असलेली जुनी सोव्हिएत बॉम्बर दाखवून म्हणे त्यांना शिकवलं होतं. विमान ओळखायला शिकवलं, ठीक. उद्या माणूस ओळखायला शिकवतील. चूक झाली तर कोर्टात उभं कोणाला करायचं?

डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत अशा स्वयंचलित शस्त्रांवर ठराव आला, तोही फार कडक नाही, अभ्यास करा एवढाच. १५२ देश बाजूने. विरोधात मोजके, त्यात रशिया आणि भारत. मला याची लाज वाटली.

शिवाय ती विमानं अण्वस्त्रं वाहू शकणारी होती. अणुप्रत्युत्तराच्या यंत्रणेला धक्का लागला तर आम्ही अण्वस्त्र वापरू शकतो, असं रशियाने २०२० पासून लेखी ठेवलंय. म्हणजे लाकडी खोपटातल्या ड्रोनने नेमका कुठे हात घातला ते बघा.

तोफखानी

ताई, मतदानाबद्दल असहमत. भारताचं म्हणणं होतं की हा विषय जिनिव्हात सीसीडब्ल्यूच्या, म्हणजे ठरावीक पारंपरिक शस्त्रांवर बंधनं घालणाऱ्या कराराच्या, चौकटीत चालू आहे, तिथेच चालू द्या. चीन बनवत राहणार आणि आपण सही करून हात बांधून घ्यायचे, हे मला पटत नाही.

वकिलीणबाई

चीन बनवतोय म्हणून आपणही जबाबदारी नको म्हणायचं? ९ मार्च २०२२ला आपलं ब्रह्मोस चुकून सुटून पाकिस्तानात मियां चन्नूला पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, हे नशीब. तीन अधिकाऱ्यांना घरी पाठवलं. कारण बोट दाखवायला माणसं होती. तुमच्या त्या अल्गोरिदमला बडतर्फ कसं करणार आहात?

तोफखानी

याला उत्तर नाही माझ्याकडे. मत तेच आहे.

बांधावरचा

दोन दिवस ऊस तोडणीत होतो, उशीर झाला. रणगाडे भंगारात काढा हे मी मागे घेतो. काकांच्या एल-७०ने माझी विकेट घेतली. पण काका, पुढची ऑर्डर देताना सोल्डरिंगवाल्यांच्या शेडला आधी विचारावं, एवढं तरी तुम्ही माना.

जाळीचं वाचून बायकोला सांगितलं. आमच्या द्राक्षाच्या तुकड्यावर पाखरांसाठी जाळी आहेच. ती म्हणाली, पाठवायची तर फाटकी पाठवा, नवीनला हात लावायचा नाही.

आणि आज पोरगं पुन्हा आलं होतं फवारणीला. त्याला म्हटलं, मोटर उलटी कर, कुठली आहे बघू. खाली भारतीय कंपनीचं स्टिकर होतं, एका कोपऱ्यात जरा सुटलेलं. मी नखाने उचलायला गेलो तर त्याने माझा हात धरला. म्हणाला, "राहू द्या ना काका, अनुदानाची फाईल अजून मंजूर व्हायचीय."